घरात मराठी की कन्नड? आधी घरातला दुभाष्या कमी करा

तुमचा प्रश्न एक दिसतो, पण त्यात चार-पाच प्रश्न गुंतलेत. इतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात मांडते. तुम्ही खानापूर तालुक्यातल्या, मराठी. मिस्टर बैलहोंगलचे, कन्नड. कॉलेजात ओळख झाली तेव्हापासून दोघं आपसात हिंदी-इंग्रजीची मिसळ बोलता, तीच सवय आजही आहे. राहायला बेळगावात. सासूबाई तुमच्याकडे असतात, सासरे शेती बघत येऊन-जाऊन. मुलगी सव्वादोन वर्षांची, तुमच्या हिशेबाने पंधरा-वीस शब्द बोलते, काही मराठी, काही कन्नड. ओळखीच्या एका डॉक्टरांनी ‘पोर गोंधळतंय, घरात एकच भाषा ठेवा’ म्हणून सांगितलंय. त्यात डिसेंबरात दोन्हीकडची मंडळी मिळून टेम्पो ट्रॅव्हलर करून सौंदत्ती आणि तिथून पंढरपूर असा बेत आहे. मागे गोकाकच्या धबधब्याला गेलात तेव्हा माहेरची माणसं एका बाजूला, सासरची दुसऱ्या बाजूला, आणि तुम्ही दोघं दिवसभर मधे पळत होता. म्हणून विचारताय, घरात कुठली भाषा ठेवू?

मी बेळगावातच स्पीच थेरपी करते. माझ्याकडे येणाऱ्या मुलांत दोन भाषांच्या घरातली मुलं भरपूर असतात, तीन भाषांचीही असतात. शहापूर-वडगावात किंवा कॅम्पात एकाच भाषेत वाढणारं मूल शोधावं लागेल अशी स्थिती आहे. तेव्हा उत्तर आधी देऊन टाकते: दोन्ही ठेवा. पण तुमचं लिहिलेलं वाचून मला भाषेपेक्षा दुसऱ्याच गोष्टीची काळजी वाटली. घरातली प्रत्येक गोष्ट तुमच्या किंवा मिस्टरांच्या तोंडून फिरून जाते. सासूबाईंचं तुमच्या आईपर्यंत पोचतं ते मिस्टरांकडून तुमच्याकडे आणि तुमच्याकडून आईकडे. तुम्ही दोघं घराचे कायमचे दुभाषे झालात, आणि बाकीच्यांनी प्रयत्न सोडून दिलाय. त्याचा परिणाम मुलीवरही होतोय. कसा, ते पुढे सांगते.

आता काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या कबूल करायला हव्यात. दिवसभर मूल कोणाजवळ असतं, शेजार कोणता, आजोबा-आज्यांचं आपसात मुळात बरं आहे का, मुलीला ऐकू नीट येतं का, ही उत्तरं मला ठाऊक नाहीत. विहिणी-विहिणींत देण्याघेण्यावरून जुनं काही खुपत असेल तर पुढचं निम्मं लागू पडणार नाही. ते भाषेचं दुखणं नव्हे.

मुलीचं आधी, कारण त्यात वेळ घालवायचा नाही. पंधरा-वीस शब्द हा तुमचा आकडा आहे. तुमच्या कानाला पडलेले, तुम्ही जवळ असताना बोललेले. सासूबाईंना वेगळी यादी करायला सांगा, आईलाही फोनवर विचारा, मिस्टरांनी आपली करावी. मग सगळ्या एकत्र करा. ‘पाणी’ म्हणते आणि ‘नीर’ही म्हणते, तर दोन्ही मोजायचे. ‘ब्याड’ मोजायचा, ‘नको’ही मोजायचा. ‘भूभू’सारखे शब्दही मोजायचे, एकाच वस्तूसाठी दरवेळी तोच आवाज काढत असेल तर तो शब्दच. अशी एकत्र यादी केली की पुष्कळ घरांत आकडा वाढतो, कधी दुपटीला जातो, कारण आईला आजीच्या वाट्याचे शब्द माहीतच नसतात. दोन वर्षांपर्यंत दोन्ही भाषा मिळून साधारण पन्नासेक शब्द आणि ‘बाबा ये’, ‘अज्जी बा’ अशी दोन शब्दांची जोडणी, ही आम्ही बघतो ती खूण. एकत्र मोजूनही तुमची मुलगी त्याच्या बरीच खाली असेल आणि शब्द जोडत नसेल, तर सहलीनंतर बघू म्हणून थांबू नका. पहिली तपासणी कानाची करा. सर्दीने कानात पाणी साठलेलं मूल हाक मारली की वळतं, म्हणून घरच्यांना शंका येत नाही, पण बारीक आवाज त्याला पुसट येतात. कान ठीक असतील तर मग स्पीच थेरपिस्ट. बेळगावात सोय आहे, आणि गुंतागुंतीचं काही निघालंच तर मैसूरची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था आहे, १९६५ पासून हेच काम करणारी. बोटाने दाखवणं, नावाला वळून बघणं, दुसऱ्याच्या डोळ्यांत बघून हसणं हे सगळं आहे ना, तेही पाहा. आणि येत असलेले शब्द गेले असतील तर कुठल्याही वयात लगेच दाखवायचं.

दोन भाषांमुळे बोलणं उशिरा येतं, हा समज डॉक्टर मंडळींतही आहे. संशोधन तसं सांगत नाही, माझा अनुभवही तसा नाही. दोन भाषांच्या घरातली मुलं पहिला शब्द, शब्दांची जोडणी हे टप्पे साधारण त्याच वयात गाठतात. ज्यांना उशीर होतो त्यांचं कारण दुसरं असतं, आणि एक भाषा काढून घेतली म्हणून तो उशीर भरून निघत नाही. ऑटिझम किंवा डाऊन सिंड्रोम असलेली मुलंसुद्धा आपापल्या कुवतीने दोन भाषा शिकतात.

‘गोंधळतंय’ म्हणतात ते बहुतेकदा मिसळण्याला. एक उदाहरण सांगते. तीन वर्षांचा एक मुलगा, आई निपाणीकडची, आजी गोकाकजवळची. आजी कोपऱ्यात खुर्चीवर पदर सावरून गप्प. इथे सगळं मराठीत चालणार, आपलं काय काम, असा तिचा समज. मी भांडीकुंडी मांडली आणि कन्नडमध्ये तिलाच विचारलं, तुमच्याकडे रोट्टी कशी बडवतात, दाखवा बघू. ती खाली बसली. कणकेसारख्या मातीचा गोळा घेतला, दोन्ही तळव्यांत गोल केला आणि ताटलीवर थापायला लागली. एका हाताने थापायची, दुसऱ्याने ताटली फिरवायची, तो ठेका तर सगळ्यांना माहीत. पोरगं आईच्या मांडीवरून उतरलं, आजीच्या गुडघ्याला टेकलं आणि आईकडे बघून म्हणालं, “अज्जी रोट्टी बडतेय!” कन्नडचं ‘बडि’ उचललं आणि त्याला आपली मराठी ‘-तेय’ लावली, तीही अचूक. ज्याला व्याकरण कळत नाही त्याला हे जमेल का? आणि बघा, आईला सांगायचं म्हणून त्यानं वाक्य मराठीच्या साच्यात घातलं. कोणाशी काय चालतं याची समज मुलांना लवकर येते. अशी मिसळ दुरुस्त करत बसू नये. आईने फक्त “हो की, आजी भाकरी थापतेय” म्हणावं आणि पुढे जावं.

डॉक्टरांच्या सल्ल्याबद्दल अजून एक गोष्ट स्पष्ट बोलते. ‘एकच भाषा ठेवा’ म्हटलं की कोणाची ठेवायची हे कोणी विचारत नाही. मी इतकी घरं पाहिली, जाते ती बहुतेक वेळा सुनेची. सासर कन्नड असेल तर मराठी जाते. धारवाडची मुलगी शहापुरात मराठी घरात आली तर कन्नड जाते. मग ती आई परक्या, मोजक्या शब्दांत मुलाशी बोलते. ‘ये, बस, खा, नको’. गोष्ट नाही, चिडवणं नाही, आंघोळ घालतानाची बडबड नाही. मुलाला भाषा मिळते ती या बडबडीतून. तुम्ही तुमच्या मुलीशी मराठीतच बोला, हे मी ठाम सांगेन.

आता घरातल्या मोठ्यांकडे येऊ. तुम्ही लिहिलंय, ‘आईला कन्नड येत नाही.’ खानापूरच्या बाजारात भाजी घेणाऱ्या, बेळगावच्या बसला चढणाऱ्या बाईला कन्नड येत नाही हे मला पटत नाही. तिला बाजारची कन्नड येते. ‘एष्ट?’ म्हणजे किती, ‘कडिमी माड्री’ म्हणजे कमी करा, आणि कंडक्टरशी दोन वाक्यं. तसंच तुमच्या सासऱ्यांना बेळगावच्या मार्केटमध्ये वावरण्याइतकी मराठी येत असणार. आपल्याकडे जुनी रीतच अशी होती. सांगली-मिरजेजवळच्या कुपवाड गावाचा जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन या भाषेच्या अभ्यासकांनी केलेला अभ्यास १९७१ साली प्रसिद्ध झाला. तिथे जैन घरात कन्नड, मुसलमान घरात उर्दू आणि बाकी बरेच जण मराठी बोलत. बाहेर सगळे एकमेकांच्या भाषा बोलत, आणि त्या इतक्या जवळ आल्या होत्या की वाक्याची ठेवण तीच राहायची, शब्द फक्त बदलायचे. पण घरात मात्र ज्याची त्याची भाषा. उंबऱ्याच्या आत दुसरी भाषा येत नव्हती, कारण उंबऱ्याच्या आत दुसरं माणूसच येत नव्हतं.

तुमच्या लग्नानं ते मोडलं. म्हणून तुमच्या आईला विहिणीशी कुठल्या कन्नडमध्ये बोलावं ते सुचत नाही. भाव करायची कन्नड आहे, विचारपूस करायची नाही. विहिणीला ‘कडिमी माड्री’ तर म्हणता येत नाही! सासूबाईंचंही तेच. त्यांना वाटतं आपली मराठी अडाणी, हसतील. दोघीही गप्प बसतात आणि दोघींनाही वाटतं की समोरची मानी आहे. तुमच्या गोकाकच्या सहलीत हेच झालं असणार.

अशा वेळी लेक-जावई मदतीला धावतात, आणि तिथेच घोळ होतो. सासूबाई पाच मिनिटं काहीतरी सांगतात: त्यांच्या आईची आठवण, गुडघ्याचं दुखणं, तुमच्या आईने मागच्या वेळी दिलेलं लोणचं किती छान होतं ते. मिस्टर वळून म्हणतात, “काही नाही, जेवून घ्या म्हणतेय.” लोणच्याचं कौतुक वाटेतच गळून गेलं. दुभाष्या कंटाळलेला असतो, त्याला दोन्हीकडचं आधीच माहीत असतं, म्हणून तो कापतो. कधी भांडण नको म्हणून गोड करून सांगतो. समोरच्याला हे कळतं, कारण चेहरे तर दिसतात. आणि मूल तिथेच खेळत असतं. त्याला दिसतं की खानापूरच्या आजीशी फक्त आई बोलते, बैलहोंगलच्या अज्जीशी फक्त बाबा. म्हणजे दोन आज्या एकमेकींसाठी नाहीतच. मुलाच्या कानावर खरी संभाषणं पडत नाहीत, हुकूम आणि सारांश पडतात.

तेव्हा करायचं काय? तीन प्रसंगी दुभाष्याचं काम करा आणि पूर्ण करा, न कापता, न गोड करता: औषध, पैसा आणि कोणाचं मन दुखावलं असेल तेव्हा. बाकी सगळीकडे हळूच बाजूला व्हा. “काय म्हणतायत गं त्या?” असं आईने विचारलं की “तूच विचार की, त्या बसल्यात तिथं.” पहिल्यांदा राग येईल. येऊ दे.

घरातली रोजची व्यवस्था म्हणाल तर ‘आईची एक भाषा, बाबांची एक भाषा’ हा नियम पुस्तकात छान दिसतो, पण सासूबाई घरात असताना तो कडक पाळला तर भलतंच होतं. तुम्ही मुलीशी मराठीत काही पुटपुटलात की त्यांना वाटतं आपल्याबद्दल आहे. त्यावर उपाय सोपा आहे. आधी त्यांना सांगून टाका: “अत्ती, मी हिच्याशी मराठी बोलणार, तुम्ही कन्नड बोला, दोन्ही आल्या पाहिजेत हिला.” हे मोडक्या कन्नडमध्ये तुम्हीच सांगा, मिस्टरांकरवी नको. आणि मुलीशी मराठीत बोलून झालं की मान वळवून सासूबाईंना कन्नडमध्ये अर्धं वाक्य टाका, “दूध नको म्हणते बघा, काय करू?” एवढ्याने त्या संभाषणात येतात. नियमापेक्षा कामं वाटून घेणं मला जास्त टिकताना दिसतं. आंघोळ, वेणी आणि झोपतानाची गोष्ट तुमची. स्वयंपाकघरातली लुडबूड आणि दुपार अत्तींची. संध्याकाळचा फेरफटका बाबांचा, आणि तो कन्नडमध्ये, हिंदीत नव्हे. पुष्कळ बाप मुलांशी बोलताना आपोआप इंग्रजीवर जातात, ‘कम, कम, से हॅलो’ वगैरे. तेवढं थांबवा त्यांना.

तुम्हा दोघांच्या आपसातल्या हिंदी-इंग्रजीला माझी हरकत नाही. मुलगी ती ऐकेल, थोडी उचलेल, बिघडणार काही नाही. पण जेवताना, गाडीत, मोठी माणसं जवळ असताना ती वापरू नका. दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांचं तेवढ्यापुरतं एकमत होतं की ही दोघं आपल्यापासून काहीतरी लपवतायत.

आता सहल, तुम्ही सगळ्यात जास्त धास्ती घेतलीत ती. मी म्हणेन, घरापेक्षा हे सोपं आहे. प्रवासात बोलायला विषय आयता असतो: पाणी संपलं, ऊन लागतंय, पोरगी झोपली का, चहाला थांबू या. शब्द थोडे, तेच परत परत, आणि हातात काम. भाषा रुळायला याहून चांगली जागा नाही. फक्त बसण्याची जागा आणि कामं आधी ठरवा. आपल्याकडे टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये चढताना मंडळी आपोआप गटाने बसतात. तुम्ही आधी चढा आणि सगळ्यात मागे जाऊन बसा, दोघंही. दोन्ही विहिणींना एका बाकावर बसवा आणि जेवणाच्या पिशव्या त्यांच्या ताब्यात द्या, सगळ्या. सासूबाई कडक रोट्टी, शेंगाचटणी, एण्णेगायी म्हणजे भरली वांगी आणतील. तुमच्या आईकडून भाताचा प्रकार येईल, खानापूरकडे भातच पिकतो. कोणाला काय, किती, कधी वाढायचं हे त्या दोघींनी ठरवायचं. तुम्ही मागून काही ओरडायचं नाही. पहिला अर्धा तास खुणा चालतील. मग ‘ही चटणी कशी केली’वर गाडी येतेच, आणि ‘कशी केली’ सांगायला फार व्याकरण लागत नाही.

व्याह्यांची मला मुळीच चिंता नाही. त्यांना ड्रायव्हरच्या मागे बसवा. डिसेंबरात रस्ताभर उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रेलर ओढत चाललेले असतात. कोणत्या कारखान्याने किती दर दिला, तोडणीवाले आले का, पाऊस कसा झाला. हे विषय बेळगाव जिल्ह्यात कुठल्याही दोन शेतकऱ्यांना पंढरपूरपर्यंत पुरतात.

सौंदत्तीचा डोंगर तुमच्या बाजूने आहे. यल्लम्माला कोल्हापूर-सांगलीकडचे भक्त पिढ्यान्पिढ्या येतात, दुकानदार दोन्ही भाषा बोलतात, भंडारा सगळ्यांच्याच कपाळाला. तिथे कोणी कोणाचं पाहुणं नसतं. तरी ओटी, पूजा, कुठल्या दाराने जायचं ही सूत्रं सासरच्यांकडे द्या. पंढरपुरात ती माहेरच्यांकडे जाऊ द्या. सौंदत्तीत बोलके असलेले सासरे पंढरपूरच्या गर्दीत गप्प होतील, तुमचे वडील तिथे मोकळे होतील. हे दोघांनी अनुभवलेलं बरं. पण सासऱ्यांना तिथे काम द्या. चुरमुरे-बत्तासे आणायला पाठवा, भाव करू द्या. त्यांची मार्केटची मराठी तिथे कामाला येईल.

खरं सांगू का, एवढ्या लांबच्या एका सहलीआधी एक जवळची करा. तुमच्या दोन गावांना जोडणारी जागा तुमच्याच तालुक्यात आहे. बैलहोंगलला कित्तूरच्या राणी चन्नम्मांची समाधी आहे, आणि त्यांचा सरदार संगोळ्ळी रायण्णा त्याच तालुक्यातला. त्याला इंग्रजांनी २६ जानेवारी १८३१ रोजी फाशी दिली ती खानापूर तालुक्यात, नंदगडला. बैलहोंगलच्या माणसाला नंदगड दाखवतो म्हटलं की तो नाही म्हणणार नाही, आणि वाट दाखवायचा मान तुमच्या माहेरच्यांकडे येतो. गोष्ट सासरे सांगतील, जेवण आईकडे. पुढे हलशीचं कदंबांच्या काळचं भूवराह नरसिंहाचं देऊळ बघून संध्याकाळी घरी. एका दिवसाची सहल, थकवा नाही, आणि कुठे कोण गप्प बसतं ते तुम्हाला आधी कळून येईल. शिवाय जून २०२३ पासून कर्नाटकात बायकांना साध्या बसचा प्रवास राज्याच्या आत फुकट आहे. विहिणी-विहिणींनी एकेकट्या एकमेकींकडे जावं, सोबत तुम्ही नसताना. दोन बायका एका स्वयंपाकघरात दुभाष्याशिवाय एक दिवस काढतात तेव्हा जे होतं ते दहा सहलींत होत नाही.

मुलीसाठी प्रवासात दोन पथ्यं. तिला परीक्षेला बसवू नका. “अज्जीला कन्नडमध्ये सांग बघू”, “आता आजीला मराठीत म्हण” असं सगळ्यांसमोर लावलं की बोलकं मूलही तोंड मिटतं. त्याऐवजी छोटी कामं द्या: ही बाटली अज्जीला दे, आजीकडून रुमाल आण. ती जाईल, समोरची आजी तिच्या भाषेत दोन शब्द बोलेल, काम झालं. दुसरं, मोबाईल. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय की दोन वर्षांच्या मुलाला दिवसभरात तासाच्या वर स्क्रीन नको, आणि कमी तितकं चांगलं. गाडीतला टीव्ही तर बंदच असू दे. खिडकीबाहेर ट्रॅक्टर, बैल, मेंढ्या, मलप्रभा हे सगळं असतं. एक आजोबा ‘बैल’ म्हणतील, दुसरे ‘एत्त’. ती दोन्हींकडे बघेल. कुठला शब्द खरा, असं ती विचारणार नाही. तुम्हीही सांगायला जाऊ नका.

एक बाजूची गोष्ट, पण टाळून चालणार नाही. १९५६ पासून आपल्या भागात १ नोव्हेंबरला एकीकडे कन्नड राज्योत्सव असतो आणि दुसरीकडे मराठी मंडळींचा काळा दिवस. त्या दिवशी दोन्ही घरांच्या एकत्र व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणीतरी पिवळा-लाल झेंडा टाकतो, कोणीतरी काळी फीत. मग आठ दिवस कोणी कोणाला फोन करत नाही. ज्याची त्याची मतं असतील, असू देत, ती बदलायला तुम्ही लग्न केलेलं नाही. पण त्या ग्रुपवर फक्त मुलीचे फोटो आणि जाण्यायेण्याचे बेत, असं तुम्ही दोघांनी आधीच सांगून ठेवा. माहेरच्यांना तुम्ही, सासरच्यांना मिस्टरांनी. उलटं करू नका.

शाळेचं अजून लांब आहे, थोडक्यात लिहिते. कुठल्याही माध्यमात घातलीत तरी कन्नड शिकावीच लागेल. २०१५ च्या कायद्यानुसार राज्यातल्या शाळांत ती २०१७-१८ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली आहे. म्हणजे कन्नड वाचणं-लिहिणं शाळा करून घेईल. मराठी माध्यम घेणार नसाल तर मराठी वाचन घरीच करून घ्यावं लागेल, आणि ते पाच-सहाव्या वर्षी रोज थोडं, गोष्टीच्या पुस्तकातून. बोलता येतं म्हणून वाचता येईल असं धरून बसू नका. माझ्याकडे येणाऱ्या मोठ्या मुलांत घरात फर्डी मराठी बोलणारी आणि मराठीची एक ओळ वाचताना अडखळणारी पुष्कळ आहेत.

म्हणजे या आठवड्यात याद्या आणि कानाची तपासणी, पुढच्या महिन्यात नंदगड-हलशी, मग मोठी सहल. मोठ्या सहलीची तारीख पक्की करण्याआधी पंचांग बघा. डिसेंबरात मार्गशीर्षाची पौर्णिमा येते, आणि यल्लम्माला पौर्णिमेच्या आसपास पाय ठेवायला जागा नसते. मंगळवार-शुक्रवारीही गर्दी असते. सव्वादोन वर्षांचं मूल आणि गुडघे दुखणाऱ्या सासूबाई घेऊन त्या गर्दीत शिरलात तर कोण कुठल्या भाषेत बोलतंय याकडे कोणाचं लक्ष राहणार नाही. मधला एखादा बुधवार-गुरुवार धरा, सकाळी लवकर पोचा. यादीचा एकत्र आकडा किती निघाला आणि ती दोन शब्द जोडते का, तेवढं इथे कळवा, मग पुढचं सांगते.